पाणी उतरलेले पाते

मित्रांनो, मी एक जुना घडीचा चाकू आहे, आणि स्वस्तातला आहे. स्वस्तातला हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर मला पाहून ते तुम्हीच म्हणाल. सगळे तेच म्हणतात.

माझी मूठ काळ्या प्लॅस्टिकची. तिच्यावर लाकडासारख्या रेषा छापल्या होत्या, त्या खिशात घासून केव्हाच गेल्या. सांधा थोडा सैल, उघडताना कुरकुरणारा. पण माझे पाते खोटे नव्हते. ज्या कारखान्यात माझा जन्म झाला तिथला मालक मूठ, स्प्रिंग, खोका यांत हात आखडता घेई. भट्टीवरचा म्हातारा कारागीर मात्र पात्याला पाणी देताना कोणाचे ऐकत नसे. पाणी देणे म्हणजे पोलाद तापवून, बुडवून नेमके कडक करणे. धार टिकते ती त्यामुळेच. "चारचौघांत मिरवायचा नसला म्हणून काय झालं, कापायला तर हवा," तो म्हणे.

मला एका ताडपत्र्या शिवणाऱ्याने विकत घेतले. पुढे दुकान, मागे घर, आणि काम नवराबायको दोघांचे. मालकीण मोठ्या मशीनवर ताडपत्र्या शिवी, मालक कडेला रिंगा ठोकून दोर ओवी. मी दिवसभर दोर कापी आणि दुपारी मालकिणीसाठी सफरचंद चिरी.

"अहो, आधी धुवा तो. मला नायलॉन खायचं नाहीये," ती दरवेळी म्हणे.

संध्याकाळी मालक मला पुसून सांध्यात तेलाचा थेंब सोडी. मी सुखात होतो. माझी किंमत तेव्हा कोणी काढली नाही.

मग मालकिणीचा धाकटा भाऊ हाताखाली कामाला आला. माणूस कष्टाळू, पण धीर म्हणून नाही. नायलॉनचा दोर कापला की त्याचे टोक पिंजते, म्हणून ते मेणबत्तीवर धरून बंद करायचे असते. मेहुण्याला त्याचा कंटाळा. एकदा मालक माप घ्यायला बाहेर गेला असताना त्याने मलाच चहाच्या गॅसवर धरले. मी आधी निळा पडलो, मग लाल झालो. दोर लोण्यासारखा कापला गेला आणि त्याचे टोकही बंद झाले.

"ताई, बघ. एका दगडात दोन पक्षी."

"डोकं चालतं हो तुझं. ह्यांना इतकी वर्षं सुचलं नाही," ती कौतुकाने म्हणाली.

त्याने पॉलिशपेपरने काळेपणा घासला आणि मला जागेवर ठेवले. माझे पाणी उतरले होते. त्यानंतर मालक दगडावर घासून घासून थके. धार येई आणि पहिल्याच दोराला मुडपे. शेवटी त्याने मेहुण्याला माझ्यासकट धारवाल्याकडे पाठवले. धारवाल्याने पात्यावर नख फिरवले.

"पाणी उतरलंय याचं. तापवला कोणी?"

"काय की," मेहुणा म्हणाला. आणि घरी येऊन त्याने सांगितले, "दाजी, धारवाला म्हणतो, स्वस्तातला माल आहे. असाच जायचा."

मालकाने तरीही मला टाकले नाही. कामाला त्याने कात्री घेतली, पण सवयीने खिशात मीच राहिलो.

एके दुपारी ताडपत्रीचा जड गठ्ठा दोराने माळ्यावर चढवत होते. वरची कडी निसटली, गठ्ठा कलला, आणि दोराने मालकिणीचा उजवा हात खांबाला आवळला. ती फक्त "कापा, अहो, कापा" म्हणत होती. कात्री नेमकी धार लावायला गेली होती, म्हणून मालकाने मला उघडले. मी होते नव्हते तेवढे बळ लावले. दोन फेऱ्यांत धार मुडपली आणि मी दोरावरून नुसता घसरत राहिलो. मेहुणा शेजारच्या दुकानातून करवत घेऊन आला, तोवर तिची बोटे काळीनिळी पडली होती. हात वाचला, पण अंगठा आणि शेजारचे बोट आता वळत नाहीत. कापड मशीनखाली सरकवायला तीच दोन बोटे लागतात. मशीनवर आता खोळ घातलेली आहे.

दवाखान्याच्या बाकावर मालक डोके धरून बसला होता. "माझ्यामुळे झालं. चार पैसे वाचवायला गेलो."

"जाऊ द्या दाजी," मेहुणा म्हणाला. "स्वस्तातलं असंच. ऐन वेळेला दगा देतं."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती मी मालकाच्या खिशात बसून पाहिली. मला बोलता येत असते तर त्या दिवशी मी काही राखून ठेवले नसते.

पुढे मेहुण्याने दाजींना नवा चाकू आणून दिला. भारी, वजनदार, कातडी म्यानातला. आल्यागेल्याने वाखाणला. मी खिळ्यांच्या डब्यात जाऊन पडलो आणि गंजलो.

काल मालक बाहेर गेला होता. मालकीण खोळ घातलेल्या मशीनजवळ स्टुलावर बसली होती. मेहुण्याने गॅस पेटवला आणि नवे पाते ज्योतीवर धरले. ते निळे पडू लागले.

"का रे," ती हळूच म्हणाली, "असं तापवल्यानेच तो जुना बिघडला नसेल ना?"

"छे गं ताई. तो मुळातच स्वस्तातला होता."

तिने आपल्या बोटांकडे पाहिले आणि पुढे काही विचारले नाही.

मित्रांनो, तुमच्याकडे माझ्यासारखा एखादा चाकू असेल, तर काम झाल्यावर त्याला पुसा, कोरडा ठेवा, तेल द्या आणि विस्तवापासून लांब ठेवा. आणि त्याने कधी दगा दिलाच, तर तो केवढ्याला घेतला हे विचारण्याआधी तो कोणाच्या हातात होता, ते विचारा. माझ्या बाबतीत ते कोणी विचारले नाही. मालक रोज संध्याकाळी बायकोच्या बोटांना तेल चोळतो आणि तिची माफी मागतो. मेहुणा तेव्हा शेजारीच बसलेला असतो.