घेणारा मिळेना

फजलच्या घरात विकणं हा शब्द शिवीसारखा होता. अब्बांनी उलव्याकडचा भूखंड घाईघाईने विकला आणि सहा वर्षांत तिथे सोळा मजली इमारत उभी राहिली. तेव्हापासून घरातलं शेंबडं पोरही सांगे, धरून ठेवायला हवं होतं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तशातली गत.

म्हणून पंप बनवणाऱ्या एका कंपनीचा शेअर दोनशे दहावरून दीडशेवर आला तेव्हा फजलने धरला. नव्वदवर आला तेव्हाही धरला. त्याच्या सानपाड्याच्या ऑफिसातले लोक तोटा सोसून शेअर विकत होते, त्यांना हा हसला. मग कंपनीच्या हिशेबात घोळ निघाला आणि भाव रोज बाजार उघडताच पाच टक्के पडून तिथेच थिजू लागला. विकणारे लाखो, घेणारा एक नाही. आता फजलला विकायचं होतं. अकरा दिवस तो सव्वानऊच्या ठोक्याला मोबाइलवर विक्रीची ऑर्डर टाकायचा आणि साडेतीनला ती तशीच परत यायची.

त्यात अडकलेले चार लाख त्याचे नव्हतेच. उरणजवळ मोऱ्याला राहणाऱ्या शमसुन्निसा आपाचे होते, थोरल्या विधवा बहिणीचे. "तू शिकलेला हायस," एवढंच म्हणून तिने भूखंडाच्या पैशातला आपला वाटा त्याच्या हवाली केला होता. बुडाले हे तिला कोणत्या तोंडाने सांगायचं, या विचाराने त्याची अन्नावरची वासना उडाली.

बाराव्या दिवशी सकाळी आपाच दारात उभी. बसली, पाणी प्यायली. फजलला वाटलं, कळलं हिला. घालू दे शिव्या, सुटेन एकदाचा.

"भाव उतरलाय म्हनं," ती म्हणाली.

"हो आपा. मी तुला सांगनारच..."

"तूच बोल्लेलास ना, उतरला की घाबरायचं नाय, आनखी घ्यायचं. बांगड्या मोडल्या मी. सोनारानं पैसे तुज्या खात्यात टाकलेत. अब्बांसारखं आपन नाय करायचं. घे माज्यासमोर."

बँकेचा कालचा मेसेज त्याने उघडलाच नव्हता. एक लाख ऐंशी हजार. त्याने तिच्या उघड्या मनगटांकडे पाहिलं.

सव्वानऊ वाजून गेले होते. कंपनी बुडाली आपा, एवढे तीनच शब्द होते. पण ती चष्मा लावून मोबाइलवर वाकली होती आणि किती वर्षांनी अशी खुशीत दिसत होती. त्याने खरेदीचं बटण दाबलं.

पापणी लवायच्या आत खरेदी झाली. कुठल्या तरी अनोळखी माणसाला आज घेणारा मिळाला होता.