वरण गार होईपर्यंत

रवींद्रची जेवणाआधीची प्रार्थना म्हणजे वरण गार होण्याची हमी. 'हे स्वर्गीय पित्या' अशी सुरुवात झाली की मोटरवेवरचे ड्रायव्हर, रात्रपाळीच्या नर्स, समोरच्या आजोबांचा गुडघा, सगळ्यांची वर्णी लागायची. परदेशातल्या जॉन्सनव्हिलच्या त्या टेकडीवर वारा खिडक्या हादरवत असायचा आणि रवींद्रला कसलीही घाई नसायची. शेवटी 'आणि माझ्या कांचनला शांत झोप दे' आलं की समजायचं, आता जेवायला मिळणार.

शेजारची मृणालिनी पुण्याची, दत्ताचा गुरुवार करणारी. पण उपास सोडायला ती दर गुरुवारी या नवरा-बायकोच्या टेबलावर हजर. पोटात कावळे कोकलत असताना हात जोडून निमूट बसायची आणि आमेन मात्र सगळ्यांत मोठ्यानं म्हणायची. "हे भुकेचं आमेन आहे," रवींद्र चिडवायचा.

मागच्या हिवाळ्यात रवींद्र हृदयविकाराच्या झटक्यानं गेला. कांचन हॉस्पिटलात फार्मासिस्ट; आता औषधाचा उपयोग नाही, हे तिला डॉक्टरांच्या चेहऱ्यावरूनच कळलं होतं. तरी कॉरिडॉरमध्ये उभं राहून तिनं जन्मात केली नव्हती अशी प्रार्थना केली. काही झालं नाही. तेव्हापासून तिनं देवाशी अबोला धरला. देव नाही, असं तिला एकदाही वाटलं नाही. नगरच्या चर्चच्या पाळकांची मुलगी ती. आणि जो नाहीच त्याच्याशी कुणी अबोला धरतं का?

रविवारच्या ड्युट्या तिनं मागून घेतल्या. चर्चची माणसं डबे घेऊन आली, त्यांना गोड बोलून दारातूनच परत पाठवलं. गुरुवारही बंद पडले. टेबलाशी बसलं की हात आपोआप जुळायचे, म्हणून तिनं टेबलाशी बसणंच सोडलं. सिंकपाशी उभ्या उभ्या टोस्ट खायची. त्यावर माणूस जगतं, पण त्याला जेवण म्हणत नाहीत.

अशाच एका गुरुवारी संध्याकाळी मृणालिनी कुकर पोटाशी धरून दारात उभी. वाऱ्यानं तिचे केस तोंडभर झाले होते.

"उपास सोडायला आलेय."

"आज नको गं. उद्या माझी अर्ली शिफ्ट आहे."

"हीप्स केलंय वरण, ढीगभर. एकटी किती खाऊ? सरक बघू."

ती आत आली, ताटं मांडली, वाढलं, आणि कांचनचा हात धरून तिला खुर्चीवर बसवलं. वरणाला तुपाचा वास येत होता. मृणालिनीनं हात जोडले आणि ती थांबली.

"खा ना," कांचन म्हणाली.

"प्रार्थना?"

"मी नाही करत हल्ली."

"माहितेय."

"अगं, सकाळपासून उपाशी आहेस. चक्कर येईल."

"येऊ दे. या टेबलावर प्रार्थनेआधी घास घेतला नाही मी कधी. आता कसा घेऊ?"

कांचनला राग आला. या हट्टी बाईचा आला, तिच्या जोडलेल्या हातांचा आला. तिनं आपले हात टेबलाखाली घट्ट दाबून धरले. मृणालिनीनं डोळे मिटले.

"प्रभू येशू, नमस्कार. मी मृणालिनी, शेजारची. चुकलंमाकलं तर सांभाळून घे. मोटरवेवरच्या ड्रायव्हरांना नीट घरी पोचव. रात्रपाळीच्या नर्सना चहा प्यायला वेळ मिळू दे. समोरच्या आजोबांचा गुडघा..." तिनं एक डोळा उघडला. "उजवा की डावा गं?"

"डावा," कांचनच्या तोंडून निघून गेलं.

"डावा. तो बरा कर."

रवींद्रचाच क्रम, रवींद्रचेच शब्द. ही बाई इतके गुरुवार वरणावर लक्ष ठेवून बसते, असं कांचनला वाटायचं. ती तर सगळं ऐकत होती.

"आणि..." मृणालिनीनं दोन्ही डोळे उघडले. "पुढचं मला नाही म्हणता येत. ते त्याचं होतं."

बाहेर वारा घोंघावत होता. कांचनचे हात टेबलावर आले आणि जुळले.

"बापा," ती म्हणाली, "माझा राग आहे तुझ्यावर. अजून आहे. मी मागितलं, तू दिलं नाहीस." तिला रडू फुटलं, पण ती थांबली नाही. "आता तो तुझ्याकडे आहे. जेवायच्या वेळी फार बोलतो तो. मध्येच थांबवू नकोस त्याला. सगळं ऐकून घे. आणि माझ्या मृणालिनीला आता जेवू दे. येशूच्या नावानं मागते. आमेन."

"आमेन," मृणालिनी म्हणाली. या वेळी अगदी हळू.

वरण पार गार झालं होतं. गरम करायला दोघींपैकी कुणीच उठलं नाही. कांचननं भातावर ते ओतून घेतलं, मागून आणखी घेतलं, आणि पोटभर जेवली, बसून.