लाल लिंबू आणि खिळ्यावरचं ताट

लिंबू चिरलं आणि लाल रस गळाला. होस्टेलच्या व्हरांड्यातल्या चाळीस पोरींनी एकदम हात जोडले. सगळ्या डॉक्टरकीच्या क्लासच्या. मीही जोडले. खाली सतरंजीवर माझी पोर मंजुश्री तापानं फणफणत होती. सकाळपासून ओकत होती, उठवलं की भोवळ यायची, आणि अंग उन्हानं भाजल्यासारखं लाल झालं होतं.

"बघा विटाळाचं रगत!" दगडोबा महाराज सुरी नाचवत ओरडले. माहूरच्या देवीचं नाव सांगत हा माणूस लातूरभर फिरायचा. "पाळीत सैपाकघरात गेली, देवी कोपली! त्र्याण्णवचा भूकंप कशानं झाला? याच्यानंच!"

त्या भूकंपात आमच्या घरातलं तीन महिन्यांचं लेकरू गेलं. त्याला कसला विटाळ? पण मी हात जोडूनच राहिलो. बायको गौरम्मा जाऊन दोन वर्षं झाली होती. आता पोरही जाते की काय, या भ्यानं अक्कल बंद पडली होती.

त्या होस्टेलात नेम होता. पाळी आलेल्या पोरीनं आपलं ताट बाहेरच्या खिळ्याला अडकवायचं आणि दाराबाहेर बसून जेवायचं. खिळ्यावर ताट दिसलं की सगळ्या गल्लीला कळायचं. मंजुश्रीनं ताट लावलं नव्हतं. ते मालकीण धुरपताबाईला कळलं आणि तिनं निलंग्याहून मला आणि डॉक्टरऐवजी या महाराजाला बोलावलं.

"दवाखान्यात नेऊ का?" मी विचारलं.

"हलवली तर मरंल," महाराज म्हणाले. " अजून सहा लिंबं उतरायची हायत."

तेवढ्यात मंजुश्रीच्या खोलीतली अलीझा पुढं आली. बिलोलीची पोर. हातात स्वयंपाकघरातली विळी आणि एक कैरी.

"काका, आधी हे बघा." तिनं महाराजाचंच एक लिंबू विळीवर चिरलं. रस साधा निघाला. मग झटकन त्याची सुरी ओढून घेतली आणि कैरी कापली. कैरी लाल झाली.

"कैरीलाबी पाळी आली का, महाराज?"

पोरी फिस्सकन हसल्या.

"पात्यावर मिथाइल ऑरेंज वाळवलंय, काका. आंबट लागलं की लाल होतं. आमच्या लॅबमधी बाटली हाय. या सगळ्यांना परवाच्या टेस्टला आलं होतं, अन् बघा कशा हात जोडून राहिल्या!"

"म्लेंच्छ पोरगी, देवीला शिवते—" महाराज पिशवी आवरू लागला.

अलीझा आता रडत होती. "काका, मंजूला टॅम्पॉन मीच दिला. आत ठेवायची कापसाची गुंडाळी असते. पाळी कुणाला कळू नये, खिळ्याला ताट लावायला लागू नये म्हणून तिनं मागितली. शुक्रवारी सकाळी घातली, मग टेस्ट आली, अन् काढायचं राहून गेलं. आज रविवार हाय. ती कुणाला सांगू देईना."

मी पोरीला उचललं. ऑटोत ती मला ओळखत नव्हती.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आधी ती गुंडाळी काढली, मग सलाईन आणि औषधं लावली. "जंतूंचं विष रक्तात गेलंय. असं क्वचित होतं, पण झालं तर काही तासांत माणूस जातो. टॅम्पॉन वाईट नाही. चार ते आठ तासांत बदलायचा, त्याहून जास्त ठेवायचा नाही. हे तिला घरी कोणी सांगितलं नाही?"

घरी सांगणारा मीच होतो. निलंग्यात माझं दुकान आहे. पॅडची पाकिटं मी आयुष्यभर वर्तमानपत्रात गुंडाळून विकली.

पाचव्या दिवशी मंजुश्रीनं भात मागितला. तिचं ताट आणायला होस्टेलवर गेलो, तर दुसऱ्याच पोरीचं ताट त्या खिळ्यावर लटकत होतं. मला किळस आली. महाराजाची आलीच, धुरपताबाईची आली, आणि हात जोडणाऱ्या माझीही. ताट खाली ठेवलं आणि पकडीनं खिळा उपटला.

पाळीत एकाएकी जोराचा ताप, ओकारी, भोवळ, अंग लाल, असं दिसलं तर टॅम्पॉन लगेच काढायचा, त्याच घटकेला दवाखाना गाठायचा आणि डॉक्टरला सगळं स्पष्ट सांगायचं. आई नसेल तर बापानं विचारायचं. लिंबू सरबताला ठेवा.