पदरापुरता गुलाब

“उभी ऱ्हा की गं नीट!” शालूबाईंनी चंद्रीच्या कासेला पाण्याचा हात लावला, पण म्हैस पान्हा सोडायला तयार नव्हती. संध्याकाळची वेळ. गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर आम्ही नेहमीची गिऱ्हाइकं धारोष्ण दुधासाठी रिकामे पेले घेऊन बसलो होतो. शालूबाईंच्या हाताखाली अडलेली म्हैस मी कधी पाहिली नव्हती.

“हाताला काय लावलंयसा, शालूबाई?” मी विचारलं. “गुलाबाचा वास सुटलाय की!”

त्या चक्क लाजल्या. अहो, ही बाई धारेच्या हाताला वासाचा साबणसुद्धा लागू देत नाही! शेवटी त्यांच्या लेकीनं, वर्षाराणीनं उलगडा केला. ती मॉलमध्ये सेंटच्या काउंटरवर असते. उद्या तिचा साखरपुडा. होणाऱ्या सासूबाई गुलाबाचं परदेशी सेंट लावतात. चारचौघांत आईच्या अंगाला म्हशीचा वास येऊ नये म्हणून पोरगी अख्खा पगार घालून तेच घ्यायला निघाली होती. आईनं तिला तसल्याच वासाचं स्वस्तातलं शोधायला लावलं. आता डाव्या मनगटावर काउंटरवरच्या नमुन्यातलं महागडं होतं, उजव्यावर स्वस्तातलं.

“स्वस्तातलं टिकत नाही गं, आई.”

“सकाळी लावलंया. अजून हाय की!” शालूबाईंनी डावं मनगट चंद्रीच्या नाकाशी नेलं. तिनं फुर्रकन तोंड फिरवलं. उजवं नेलं. पुन्हा तेच. “बघ! हिला दोन्ही सारखीच. तुझ्या सासूला काय कळतंय?”

सगळा कट्टा हसला. वर्षाराणी हसली नाही. “कुणी विचारलं तर स्वस्तातलं म्हणून सांगू नकोस,” एवढंच म्हणाली. शालूबाईंनी हात कोपरापर्यंत पेंडीच्या बादलीत घोळले, धुतले आणि पुन्हा धारेला बसल्या. या वेळी चंद्रीनं पान्हा सोडला.

साखरपुड्याचं आम्हा कट्टेकऱ्यांनाही आमंत्रण होतं. शिवाजी पेठेतल्या छोट्या हॉलमध्ये शालूबाई हिरव्या इरकलीत अशा ताठ उभ्या होत्या की बघतच राहावं. विहीणबाई निर्मलाताई, बाई भली, जवळ येऊन थबकल्या.

“अय्या, अगदी माझ्यासारखाच वास! कुठलं हो हे?”

वर्षाराणीनं मान खाली घातली.

“तुमच्यावाणीच हाय, पर स्वस्तातलं,” शालूबाई म्हणाल्या. “पोरगी म्हागडं घ्याया निघालती, म्या न्हाय म्हटलं. पदराला तेवढं लावलंया. हाताला न्हाय. सांजच्याला धार काढायची हाय न्हवं?”

आवाजात ना लाज, ना मिजास. मला त्या बाईचा असा अभिमान वाटला की काय सांगू! निर्मलाताई हसल्या. “माझंही आता तुम्हीच आणून द्या,” म्हणाल्या आणि मुलीला कुंकू लावायला करंडा उघडला.

“थांबा, आई,” वर्षाराणी त्यांना म्हणाली. “आधी माझ्या आईला लावू द्या.”

शालूबाई गडबडल्या. त्यांनी हात पदराला पुसायला घेतला, तर लेकीनं तो मध्येच धरला, बोट करंड्यात टेकवलं आणि हात आपल्या कपाळाशी नेला. कुंकू लागेस्तोवर तिनं डोळे मिटले होते, आणि ती त्या हाताचा वास खोल श्वासात घेत होती.