तीनशे सहासष्ट चिठ्ठ्यांची बरणी

माझं झाकण मूळचं नाही, हे आधीच सांगून टाकते. मूळचं काचेचं होतं, ते फुटलं. आता डोक्यावर स्टीलची ताटली असते. बाकी मी तीच जुनी बरणी आहे, मित्रांनो. फिरोजाबादच्या भट्टीत घडले आणि अमीनाबादच्या दुकानातून मानक नगरच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आले. मला आणलं वासंतीबाईंनी. त्यांचे यजमान भास्करराव रेल्वेत इंजिनियर होते.

बत्तीस वर्षं मी कैरीचं लोणचं सांभाळलं. पाहुणे माझ्याकडे बोट दाखवून "अजून एक फोड वाढा" म्हणायचे. कौतुक लोणच्याचं असायचं, पण मी ते आपलंच समजायचे. पुढे भास्करराव गेले. वासंतीबाई गोमती नगरच्या फ्लॅटवर आल्या. डॉक्टरांनी त्यांचं मीठ कमी केलं आणि मी माळ्यावर गेले.

खाली आले ती त्यांच्या नेमामुळे. त्या सदा कुठला ना कुठला नेम धरतात. त्या वर्षी ठरवलं, की देवापुढे दिवा लावला की रोज त्या तारखेची एक चिठ्ठी लिहायची. वर तारीख, खाली त्या दिवशी पूर्वी कधी काय घडलं त्याच्या तीन ओळी. तापातही खंड पडू दिला नाही. लीप वर्ष होतं, म्हणून चिठ्ठ्या तीनशे सहासष्ट झाल्या. त्या माझ्यात आल्या. या हिंदी मुलखात वाढणारी मराठी घरांतली मुलं दर रविवारी त्यांच्याकडे मराठी शिकायला यायची, ती त्यातली एक काढून वाचायची.

पुढच्या वर्षी मे महिन्यातल्या एका रविवारी हिमानीनं चिठ्ठी काढली. ती मुलांमध्ये सगळ्यांत मोठी, चौदा वर्षांची.

"एक डिसेंबर. नागालँड राज्य झालं. सीमा सुरक्षा दल उभं राहिलं. अमेरिकेत लढाईवर कुणाला धाडायचं याची सोडत निघाली." तिनं लगेच फोनवर शोधलं. "आजी, एकोणीसशे एकोणसत्तर! व्हिएतनामची लढाई. वर्षाच्या सगळ्या तारखा एवढ्याएवढ्याशा डब्यांत घालून काचेच्या भांड्यात टाकल्या. जी तारीख आधी निघेल, त्या तारखेला जन्मलेली मुलं आधी फौजेत. पहिली निघाली चौदा सप्टेंबर. सेम टू सेम अपनी बरनी!"

"हिमानी, मराठीत बोल गं."

"मराठीच तर आहे, आजी. बरणी म्हटलं ना!"

सगळी हसली. हिमानीनं पुढचंही वाचलं. त्या तारखा नीट ढवळल्याच नव्हत्या, म्हणून वर्षाअखेरीच्या तारखा भराभर निघाल्या आणि लोक चिडले. मी बरणी आहे, मला त्यातलं थोडं कळतं. कितीही नीट ढवळा, निघतो तो कुणाचा तरी मुलगाच.

"अगले संडे हम भी खेलेंगे," हिमानी म्हणाली. "जिसका बर्थडे निकला, वो बॉर्डर पे!"

ऋता तेवढी हसली नाही. आठ वर्षांची ही मुलगी बख्शी का तालाबच्या एअर फोर्स कॉलनीतून यायची. तिचे बाबा, जयसिंग, तिथेच नोकरीला. सीमेवर तणाव होता. त्या आठवड्यात सायरनचा सराव झाला होता, त्यांची रजा रद्द झाली होती आणि चार दिवस ते घरी झोपायला आले नव्हते. बाकीची मुलं शिऱ्याच्या वाट्या घ्यायला आत गेली, तेव्हा एक लहानसा हात माझ्यात शिरला आणि बराच वेळ शोधत राहिला.

पुढच्या रविवारी वासंतीबाईंनी खेळाआधी चिठ्ठ्या मोजल्या. एक कमी. त्यांनी सतरंजीवर महिन्यांच्या रांगा मांडल्या. जूनची रांग दोन तारखेपासून सुरू झाली.

"एक जून कुणी घेतली, बाळांनो?"

ऋताची मूठ घट्ट होती. "पापा की है," ती म्हणाली आणि रडायला लागली. "नहीं दूँगी. निकल आई तो?"

जयसिंग तिला न्यायला आले होते, वर्दीतच. दारात बूट काढता काढता त्यांनी हे ऐकलं आणि ते हसले.

"अगं ऋते, ती माझी तारीख नाहीच. शाळेत घालताना गुरुजींनी मनानंच एक जून लिहिली. आमच्या गावात निम्मी माणसं एक जूनची. तुझ्या त्या सोडतीत एक जून निघाली ना, तर सगळं गाव एका ट्रकमधून जाईल!"

"तो असली वाली कौन सी है?"

जयसिंग तिच्याजवळ येऊन टेकले. "कुणाला ठाऊक? आई म्हणायची, भुईमूग काढायच्या दिवसांत झालास. तारीख कुणी लिहिलीच नाही."

ऋतानं डोळे पुसले. सतरंजीवरच्या सगळ्या रांगांकडे पाहिलं. मग खाली बसली आणि एकेक चिठ्ठी उचलून फ्रॉकच्या ओच्यात टाकू लागली. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च.

हिमानी पुटपुटली, "आजी, आपका पूरा साल..."

वासंतीबाई हळूच खाली बसल्या, गुडघा धरून. डिसेंबरच्या रांगेपर्यंत ऋताचा हात पोचत नव्हता. ती त्यांनी स्वतः गोळा केली आणि तिच्या ओच्यात घातली.

"घेऊन जा, बाळा. माझा नेम पुरा झालाय."

जयसिंग तिला स्कूटरवर पुढे बसवून घेऊन गेले. संध्याकाळी ते ड्यूटीवर परत गेले, एवढं कळलं. वासंतीबाईंनी मला धुऊन उन्हात पालथं घातलं. सध्या मी रिकामीच आहे.

मित्रांनो, जुनी भांडी फेकू नका. घासूनपुसून जपा, त्यांच्यात साखर ठेवा, बटणं ठेवा, गोट्या ठेवा. मीही काहीही सांभाळीन. पण कुणाचे बाबा कुठे जातील हे ठरवायला माझ्यात हात घालू नका. ते काम मला सांगू नका.