मधमाश्यांनी उधळलेला भंडारा

शुक्रवारी सकाळी देवनहळ्ळीच्या नव्या लेआउटच्या वसाहतीमागच्या देवळापुढे पाय ठेवायला जागा नव्हती. बेळगाव-निपाणीकडची जुनी कुटुंबं, महादेवपुऱ्याहून कॅब करून आलेली आयटीतली जोडपी, सगळे माना वर करून उभे. समोर पांढरंशुभ्र कापड अंथरलेलं. आरती सुरू झाली आणि त्या कापडावर वरून पिवळे थेंब टपटपू लागले.

"उदो गं आई, उदो!" रघुपतीस्वामी गरजले. "सौंदत्तीची यल्लम्मा इथं भंडारा उधळते! एक थेंब कपाळाला, एक जिभेला. डॉक्टरला आजार पाहिजे, आईला भक्त पाहिजे! गोळ्या-बिळ्या आजपासून बंद. कबूल? सरी?"

"सरी!" गर्दी म्हणाली.

शिवलीलाही म्हणाली. ती माझ्या दवाखान्याशेजारी राहते, मूळची निपाणीची. तिच्या मुलीला, चंपाला, फिट यायच्या. माझ्या गोळ्यांनी त्या थांबल्या होत्या.

"अक्का, गोळी सोडू नकोस. एकदम बंद केली तर फिट जोरात उलटेल."

"डॉक्टरबाई, स्वल्प इश्वास ठेवा की. वरनं पडताना बघितलासा न्हवं? आमच्या घरची देवी हाय ती." आणि तिनं पोरीच्या जिभेवर थेंब ठेवला.

भंडाऱ्याची हळद पिवळी, म्हणून पिवळं दिसेल ते देवीचं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी एक थेंब काचेवर घेतला आणि दवाखान्यात सूक्ष्मदर्शकाखाली धरला. हळद कुठली? फुलांचे परागकण होते, आणि तांदळाच्या दाण्यांसारखे असंख्य चकचकीत कण. फोटो कृषी महाविद्यालयात कीटकशास्त्र शिकवणाऱ्या मैत्रिणीला, रंजिताला पाठवला. तिचा लगेच फोन आला.

"स्मिता, ही मधमाशीची शी आहे! आणि माशी आजारी आहे. ते दाणे म्हणजे तिच्या आतड्यातल्या परजीवीचे बीजाणू."

पण थेंब पडायचे ते फक्त मंगळवार-शुक्रवारच्या आरतीला. माश्यांना वार कसे कळतात? सोमवारी मी मधमाश्या पाळणाऱ्या नागनाथअण्णांना घेऊन देवळामागे गेले. तिथल्या मधमाश्यांच्या पेट्या त्यांच्याच होत्या. त्यांच्या शेजारच्या गुलाबांच्या शेतात कीटकनाशक फवारलं की त्यांच्या माश्या पटापट मरायच्या. उरलेल्या पेट्या स्वामींनी 'देवीच्या सेवेला' मागून नेल्या होत्या. प्रत्येक पेटीच्या दाराला चिंधीचा बोळा कोंबलेला होता.

"जीव हाय का नाही ह्येंच्यात?" अण्णांना रडू फुटलं.

मधमाशी आपलं घर घाण करत नाही, बाहेर जाऊन मोकळी होते. स्वामी त्यांना कोंडून ठेवत आणि आरतीला बोळे काढत. कोंडलेल्या माश्या देवळावरून उंच उडत पुढे येत आणि कापडावर मोकळ्या होत. हाच तो भंडारा. फवारणीतून वाचलेल्या माशीच्या पोटातले उपयोगी जिवाणू कमी होतात, तिथे परजीवी सहज घर करतो. आतडं सडतं, जुलाब लागतात. बंद पेटीत एकीची घाण सगळ्यांच्या तोंडी जाते.

हे सांगायला मी धावत शिवलीलाच्या घरी गेले. शुक्रवारपासून गोळी बंद होती; चंपा फरशीवर आचके देत होती. फिट थांबतच नव्हती. मोठ्या रुग्णालयात नेईपर्यंत फार उशीर झाला; जीव वाचला, पण मेंदूला इजा झाली.

मंगळवारी आरती संपताच मी गर्दीपुढे बोळे दाखवले. मेलेल्या माशीचं आतडं चिमट्यानं ओढून दाखवलं. निरोगी आतडं तपकिरी असतं, हे पांढरंफटक आणि फुगलेलं होतं.

"देवीची परीक्षा घेतेस?" लोक माझ्याच अंगावर आले.

तेवढ्यात शिवलीला आली, थेट रुग्णालयातून. तिनं कापडावरचा थेंब बोटावर घेतला आणि स्वामींच्या ओठांपाशी नेला.

"माझ्या पोरीनं चाटला. आता तुम्ही चाटा."

स्वामींनी तोंड फिरवलं.

ते सगळ्यांनी पाहिलं. मग एकेक जण कपाळ पुसू लागला.

देवीला माना किंवा मानू नका, तो तुमचा प्रश्न. पण चालू औषध बंद करा म्हणणाऱ्याला आधी विचारा: हे येतं कुठून, आणि तू स्वतः घेशील का? शिवलीलानं विचारलं, पण उशिरा. चंपा आता आईला ओळखत नाही.