पोचल्याची खूण

मॅडमनी आपला फोन टेबलावरून तिच्यापुढे सरकवला आणि चष्मा कपाळावर चढवला.

"हे वाच. मोठ्यानं."

तिनं फोन उचलला. खुर्चीत बसून हसणाऱ्या एका बाईंचा फोटो होता. चष्मा काढून मांडीवर ठेवलेला. फोटोखालच्या प्रतिक्रियेवर कॉलेजच्या नेत्रतपासणी अभ्यासक्रमाच्या पेजचं नाव होतं आणि शेजारी पेजचं चिन्ह, निळा डोळा. पुढे लिहिलं होतं, 'आज परत दूध उतू गेलं. शेगडी घासून हात दुखले. तू असतीस तर आधी ओरडली असतीस, मग हसली असतीस.'

तिनं वाचलं.

"आपल्या अभ्यासक्रमाचं दूध कधीपासून उतू जायला लागलं?" मॅडम म्हणाल्या. "आणि खाली बघ. 'पायमोजे सापडत नाहीत.' 'कुंडीतलं रोप जगलं.' रोज एक! पहिल्या वर्षाची मुलं खिदळत होती, म्हणून मला कळलं. प्रवेश सुरू होताहेत. पालक हेच पेज बघून येतात. पासवर्ड कुणाला दिलास?"

"कुणालाच नाही."

"मग पेज कोण चालवतं? भूत?"

पेज चालवायची तीच. विभागात तिला सगळे पेजवालीच म्हणत. तपासणीच्या खोलीतले फोटो, 'डोळे चोळू नका'सारख्या सूचना, पालकांच्या त्याच त्या प्रश्नांना उत्तरं, सगळं तिच्याकडे होतं. आईच्या फोनचा कॅमेरा चांगला, म्हणून घरी चष्म्याच्या फ्रेमा मांडून फोटो काढायचे तर त्यावर काढायची आणि तिथूनच टाकायची. पेज त्या फोनवर उघडंच राहिलं होतं.

"मॅडम, ही माझी आई आहे," ती म्हणाली. "लिहिणारे बाबा आहेत. आईच्या फोनवरून लिहितात. नाव पेजचं पडतंय, हे त्यांना कळलं नसेल."

आई गेली तेव्हा विभागातून मॅडमच पहिल्या घरी आल्या होत्या. त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि फोटो पुन्हा पाहिला.

"सोमवारी प्राचार्य बघणार आहेत. आजच काढून टाक सगळं," त्या म्हणाल्या. "नाहीतर पेज दुसऱ्या कुणाकडे द्यावं लागेल मला."

ती दारापाशी पोचली तेव्हा मागून आवाज आला.

"आणि अगं, त्यांना सांग, पातेल्यावर लाकडी डाव आडवा ठेवायचा. मग दूध उतू जात नाही."

घरी बाबा वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होते. आईचा फोन त्यांच्या शेजारी होता. तिनं तो उचलला आणि पहिल्याच ओळीवर अंगठा ठेवला. मग काढला.

"बाबा, आईला लिहिता तुम्ही?"

त्यांच्या हातातला टॉवेल अर्धाच दुमडलेला राहिला.

"तुला कुणी सांगितलं?"

"दिसतं ते. सगळ्यांना."

"सगळ्यांना? पायमोज्यांचंसुद्धा?"

"हो."

"अरे देवा." त्यांनी टॉवेलची घडी पुरी केली, परत मोडली. "मला वाटलं, आपल्यापुरतंच असतं. लिहिलं की लगेच डोळा येतो ना शेजारी. मी म्हटलं, तिनं बघितलं की येत असेल. पोचल्याची खूण."

तिनं फोन खाली ठेवला.

"मला काही वेड लागलेलं नाही हं. ती नाही, हे माहीत आहे मला. मशीनच करतं ते. पण डोळा आला की बरं वाटतं. मग जेवायला बसतो."

तो डोळा तिनंच काढला होता, कॉलेजच्या संगणकावर. फी किती असं कुणी विचारलं तरी उत्तराशेजारी तोच यायचा. हे सांगायला तिनं तोंड उघडलं आणि म्हणाली,

"चहा टाकता?"

ते आत गेले.

"पातेल्यावर डाव आडवा ठेवा!"

"कशाला?"

"ठेवा तर खरं."

तिनं बाबांच्या नावानं नवं खातं उघडलं. आईचं खातं घरच्यांपुरतं केलं. मग दूध, पायमोजे, रोप, एकेक ओळ पेजच्या नावाखालून उचलून बाबांच्या नावाखाली ठेवली आणि जुनी पुसली. एकही गाळली नाही. शेवटी पेज त्या फोनवरून कायमचं बंद केलं. आता बाबांच्या नावाशेजारचा फोटोचा गोल तेवढा रिकामा होता. मग तिनं आईचा तोच फोटो उघडला आणि दोन बोटांनी मोठा, आणखी मोठा केला.

बाबा कप घेऊन आले. "नाही गेलं बरं का उतू," ते म्हणाले. "कुणी शिकवलं तुला?"

"मॅडमनी. लिहा आता. घरातल्यांनाच दिसेल."

ते बसले. एका बोटानं हळूहळू त्यांनी लिहिलं, 'आज लेकीनं पकडलं मला.' मग बटण दाबलं.

डोळा आला. हा निळा नव्हता. हसताना बारीक झालेला, कडेला सुरकुत्या, नाकाजवळ चष्म्याचा वळ.

बाबांनी फोन जवळ धरला, मग लांब धरला. ती कपातल्या चहाकडे बघत राहिली.

"बघ," ते म्हणाले, "फोटोसाठी परत चष्मा काढलाय हिनं."